मतदानानंतर पाच दिवसांनी हाती पडलेली मतपत्रिका : परदेशस्थ ब्रिटिश मतदारांनी पुढच्या वेळी काय करावे?

निशिगंध (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी आणि माझे यजमान १९८४ ते २००६ अशी बावीस वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात होतो. मी रुग्णालयात परिचारिका होते. नागरिकत्व तिथलेच घेतले आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतलो. आमचे निवृत्तिवेतन तिथून येते, थोरली मुलगी तिथे आहे आणि तिथल्या सरकारच्या निर्णयांचा आमच्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे. त्यामुळे तिथले मत ही आमच्यासाठी केवळ हौसेची गोष्ट नाही.

देश सोडून पंधरा वर्षे झाली की मताधिकार संपतो, या जुन्या नियमानुसार २०२१ मध्ये आमचा हक्क गेला होता. २०२२ च्या निवडणूक कायद्याने ती मर्यादा काढून टाकली आणि १६ जानेवारी २०२४ पासून तो बदल अंमलात आला. आम्ही मार्च महिन्यातच नोंदणीचा अर्ज भरला. जुन्या पत्त्याचा पुरावा मागितला, तेव्हा पोटमाळ्यावरची ट्रंक काढून त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रे शोधली आणि पाठवली. टपाली मतदानाचा अर्जही त्याच वेळी केला. २२ मे रोजी निवडणूक जाहीर झाली, तेव्हा आमच्या बाजूने सर्व कामे पूर्ण होती.

४ जुलै २०२४ रोजी मतदान झाले. माझे पाकीट ९ जुलैला आले. पावसात भिजून त्याची एक कड लगदा झाली होती. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने ते कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. आत सर्व काही जागच्या जागी होते : मतपत्रिका, जन्मतारीख आणि सही करायचे निवेदन, मतपत्रिकेचे ‘अ’ पाकीट आणि परतीचे ‘ब’ पाकीट. नवी संसद त्याच दिवशी पहिल्यांदा भरली होती. माझ्या हातात कोरी मतपत्रिका आणि दूरदर्शन संचावर सभापतींची निवड, असे ते दृश्य मी विसरू शकत नाही. यजमानांचे पाकीट तर आलेच नाही.

मी कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या जुन्या गावच्या पालिकेच्या, निवडणूक विभागाला विचारणा केली. ‘पाकिटे वेळेत रवाना झाली होती’ एवढेच उत्तर आले. रवानगीची तारीख त्यात नव्हती, आणि पाकिटावरही छापील टपालखूण होती, शिक्का नव्हता. त्याआधी २५ जूनला, पाकिटे येण्याचे चिन्ह दिसेना म्हणून, मी दूरध्वनी करून टपाली मत रद्द करून मुलीला प्रॉक्सी, म्हणजे आमच्या वतीने मत देणारी व्यक्ती, नेमता येईल का, असे विचारले होते. प्रॉक्सीच्या अर्जाची मुदत २६ जूनपर्यंत असल्याचे मी संकेतस्थळावर वाचले होते. मात्र आम्ही आधीच टपाली मतदार असल्याने तो बदल करण्याची मुदत १९ जूनलाच संपली, असे सांगण्यात आले.

माझे प्रश्न असे आहेत. हा दोष कोणाचा, आणि तक्रार कोणाकडे करायची? पुढच्या निवडणुकीत टपालावर पुन्हा भरवसा ठेवावा का? युरोपीय संघात राहावे की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमताच्या वेळी माझ्या दिरांनी आमच्या वतीने मत दिले होते, पण ते आता हयात नाहीत आणि आमच्या जुन्या मतदारसंघात आमचे कोणीही उरलेले नाही. मुलगी मँचेस्टरला असते. इतरांनी असे अनुभव घेतले असतील तर कृपया लिहावे.

---

उत्तरवारा

निशिगंधताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि दोन निवडणुकांत टपाली मते उघडण्याच्या कामावर तात्पुरता कर्मचारी म्हणून बसलो आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून दिसणारी बाजू सांगतो. दोष एखाद्या कारकुनाचा किंवा पोस्टमनचा असेलही, परंतु माझ्या मते मूळ दोष वेळापत्रकाचा आहे.

२०२४ चे दिवस मोजून पाहा. ३० मे रोजी संसद विसर्जित झाली. उमेदवारी अर्जांची मुदत ७ जूनला, शुक्रवारी दुपारी चार वाजता संपली. त्या क्षणापर्यंत मतपत्रिकेवर कोणती नावे छापायची हेच ठरलेले नसते. शनिवार-रविवार गेला की ६५० मतदारसंघांच्या मतपत्रिका एकाच वेळी छापायला जातात आणि असे काम करणारे छापखाने मोजके आहेत. मतपत्रिका, निवेदन आणि दोन पाकिटे प्रत्येक मतदाराच्या क्रमांकाशी जुळवून भरावी लागतात, म्हणजे हे साध्या पत्रकांसारखे छापून टाकण्याचे काम नाही. परदेशी पत्त्यांची पाकिटे सर्वांत आधी पाठवावीत अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे आणि बहुतेक ठिकाणी ती पाळली जाते. तरीही पहिली खेप दहा ते चौदा जूनच्या आधी निघणे कठीण. ७ जून ते ४ जुलै हे एकूण सत्तावीस दिवस. छपाईचे दिवस वजा केले तर जाण्यासाठी आणि येण्यासाठी मिळून जेमतेम तीन आठवडे उरतात. इंग्लंडहून पुण्याला आणि पुण्याहून परत, तेही पावसाळ्यात, साध्या टपालाने.

याहून खटकणारी गोष्ट पुढे आहे. कायद्याने टपाली मताच्या अर्जाची मुदत मतदानाच्या अकरा कामकाजी दिवस आधी ठेवली आहे. त्या वेळी ती १९ जूनला, सायंकाळी पाच वाजता संपली. म्हणजे १९ जूनला पुण्यात बसून केलेला अर्ज कायदेशीर ठरतो, मंजूर होतो, पाकीट रवाना होते, आणि त्या मताचा उपयोग होण्याची शक्यता जवळजवळ नसते. लेस्टरमधल्या मतदारासाठी ठरवलेली मुदत लातूरमधल्या मतदाराला जशीच्या तशी लावली आहे. अर्ज स्वीकारणाऱ्याने अर्जदाराला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, आणि ते सांगितले जात नाही.

उशिरा आलेल्या पाकिटांचे काय होते, हेही लिहितो, कारण पुष्कळांचा समज असा असतो की ती नंतर मोजतात. तसे होत नाही. मतदानाच्या दिवशी रात्री दहा वाजेपर्यंत जे पाकीट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा त्या मतदारसंघातल्या मतदान केंद्रावर पोहोचते, तेवढेच ग्राह्य. आमच्या सभागृहात सायंकाळनंतर केंद्रांवरून आलेली शेवटची पाकिटे पेट्यांतून आणली जात आणि आम्ही एकेक ‘ब’ पाकीट कापून, आतल्या निवेदनावरची सही आणि जन्मतारीख अर्जातल्या नोंदीशी यंत्रावर ताडून पाहत असू. निवेदन जुळले तरच ‘अ’ पाकीट पुढच्या टेबलावर जाते आणि तिथे ते पालथे ठेवून उघडतात, म्हणजे मत कोणाचे आणि कोणाला हे एकत्र दिसू नये. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आलेली पाकिटे मात्र न उघडता, तशीच बांधून मोहोरबंद करून ठेवली जातात. मी असा एक गठ्ठा पाहिला आहे. वरच्याच पाकिटावर परक्या देशाची चार तिकिटे ओळीने लावलेली होती. पाठवणाऱ्याने परतीच्या छापील टपालखुणेवर विसंबून न राहता स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते.

२०२४ मध्ये हेंडनची जागा १५ मतांनी आणि पूलची १८ मतांनी ठरली. अशा ठिकाणी तो गठ्ठा किती जाड होता, हा प्रश्न गौण म्हणता येणार नाही.

तुमच्या २५ जूनच्या दूरध्वनीबद्दल : तुम्हाला सांगितले ते नियमाला धरून होते. नवा प्रॉक्सी नेमण्याची मुदत सहा कामकाजी दिवस आधीची आहे, परंतु जो मतदार आधीच टपाली यादीत आहे त्याला आपली व्यवस्था बदलायची असेल तर अकरा दिवसांचीच मुदत लागू होते. एकदा मतपत्रिका रवाना झाली की दुसऱ्याला मत देऊ दिल्यास एकाच नावाची दोन मते पडू शकतात, ही त्यामागची भीती आहे. ती भीती रास्त आहे. परिणाम मात्र असा होतो की पाकीट येणार नाही हे मतदाराला कळते, तेव्हा पर्यायाचे दार बंद झालेले असते. तातडीच्या प्रॉक्सीची जी सवलत आहे ती आजारपण, नोकरीचे अचानक उद्भवलेले काम किंवा हरवलेले ओळखपत्र अशा कारणांसाठी आहे. टपाल उशिरा आले हे कारण तिच्यात बसत नाही.

---

इसारकाठ

हा प्रश्न एकट्या ब्रिटनचा नाही. मी सांगलीचा, आता जर्मन नागरिक आहे आणि तीन वर्षांपासून कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला असतो. २३ फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन निवडणुकीत माझी मतपत्रिका आली ती मतदानाच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी. मी त्याच दुपारी कुरियरने ती म्युनिकला पाठवली आणि त्याचा खर्च सोसला, परंतु ती रविवारी सायंकाळी सहाच्या आत तिथे टेबलावर पोहोचली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आमच्याकडेही कारण तेच, वेळापत्रक. सरकार पडले, राष्ट्राध्यक्षांनी २७ डिसेंबर २०२४ रोजी संसद विसर्जित केली, आणि राज्यघटनेनुसार त्यानंतर साठ दिवसांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. एरवी जे टप्पे कित्येक आठवडे चालतात ते दाटीवाटीने बसवले गेले. उमेदवारांच्या याद्या मंजूर होऊन मतपत्रिका छापून बाहेर पडेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्यात परदेशी राहणाऱ्या जर्मन नागरिकांची कायमची यादी नसते. प्रत्येक निवडणुकीला आपल्या शेवटच्या गावाच्या पालिकेकडे नव्याने अर्ज करावा लागतो. या वेळी दोन लाखांहून अधिक लोकांनी तो केला. त्यांपैकी पुष्कळांना मतपत्रिका वेळेत मिळाल्या नाहीत. लंडनमधले तेव्हाचे जर्मन राजदूत मिगुएल बेर्गर यांनी आपल्यालाही मत देता आले नाही, असे जाहीरपणे सांगितले. ज्या माणसाच्या कार्यालयातून रोज राजनैतिक टपाल निघते, त्याचीही ही गत झाली.

त्या निवडणुकीत बेएसवे या पक्षाला ४.९८ टक्के मते मिळाली. संसदेत जाण्यासाठी पाच टक्के लागतात. अंतिम निकालानुसार कमी पडलेली मते दहा हजारांच्या आत होती, आणि तो पक्ष आत गेला असता तर आज सत्तेवर असलेल्या दोन गटांचे बहुमत राहिले नसते. उशिरा आलेली मते त्याच पक्षाची होती असे मी मुळीच म्हणत नाही. तसे मानायला काही आधार नाही, आणि मी स्वतः त्या पक्षाचा मतदार नाही. परंतु ज्यांची मते पोहोचली नाहीत त्यांची संख्या आणि निकालातला फरक यांची तुलना करण्याची वेळ यावी, एवढ्यानेच निकालावरचा विश्वास डळमळतो. हे लोकशाहीला परवडणारे नाही.

काही देशांतल्या आमच्या दूतावासांनी भरलेली पाकिटे राजनैतिक टपालातून बर्लिनला पोहोचवण्याची सोय केली होती. तिचा उपयोग परतीच्या प्रवासाला होतो. मतपत्रिका मुळात हाती आलीच नाही तर ती सोय निरुपयोगी ठरते.

---

दुबईकर_रत्नागिरी

मी भारतीय नागरिक आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. ताईंचे दुःख खरे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु आपल्याकडच्या अनिवासी मतदाराला टपाली मतपत्रिका उशिरासुद्धा येत नाही, कारण ती पाठवलीच जात नाही. २०१० च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० क आले, नमुना ६ क भरून नाव यादीत घालता येते, पण मत द्यायला मूळ पारपत्र घेऊन स्वतः केंद्रावर जावे लागते. २०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार म्हणून १,१९,३७४ जणांची नोंद होती आणि प्रत्यक्ष मत दिले २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळातले. विमानाचे तिकीट आणि रजा या दोन्हींची जुळणी ज्याला जमेल त्याचा हा हक्क.

मला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या लष्करातल्या आणि परदेशातल्या वकिलातींत नेमलेल्या सेवा मतदारांसाठी २०१६ पासून वेगळी व्यवस्था आहे. त्यांची मतपत्रिका संगणकावरून पाठवली जाते; मतदार ती सुरक्षित संकेतशब्दाने उघडतो, छापतो, कागदावर खूण करतो आणि पाकिटात घालून टपालाने परत पाठवतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती पोहोचली की मोजली जाते. जाण्याचा अर्धा प्रवास त्यामुळे क्षणात होतो आणि मत मात्र कागदावरच राहते. हीच सोय अनिवासी मतदारांना द्यावी, असे निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये विधी मंत्रालयाला कळवले होते. त्याआधी प्रॉक्सीची तरतूद असलेले विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत येण्याआधीच लोकसभेची मुदत संपून ते बाद झाले. तेव्हापासून आम्ही जिथे होतो तिथेच आहोत.

---

निशिगंध

@दुबईकर_रत्नागिरी, तुमच्या म्हणण्यातली व्यथा पोहोचली. तुमचा प्रश्न आमच्याहून मोठा आहे हे मी मान्य करते. परंतु तुम्ही सांगितलेल्या सेवा मतदारांच्या व्यवस्थेमुळे माझ्या मनात नवा प्रश्न उभा राहिला. सियाचेनच्या चौकीवरच्या जवानाला मतपत्रिका संगणकावरून पाठवता येते, तर मला पाठवायला ब्रिटनला काय अडचण आहे? मत संगणकावर नोंदवायला मी सांगत नाही. निवेदन आणि मतपत्रिका मी इथे छापून घेईन, पाकीट मी विकत आणीन, स्पीड पोस्टचे पैसे मी भरीन. वाचलेले दहा-बारा दिवस एवढेच माझे मागणे आहे.

@उत्तरवारा, तुम्ही वर्णन केलेला तो गठ्ठा डोळ्यांपुढून हलत नाही. माझे पाकीट त्यात असण्याचीही पात्रता मिळवू शकले नाही. ते अजून माझ्या कपाटातच आहे.

---

कागदोपत्री

या विषयावर मी काही वर्षे वाचन करत आहे, म्हणून इतर देशांचे दाखले देतो. अडचण सर्वांची एकच आहे आणि तिच्यावर उपाय सापडलेले आहेत, म्हणून हे लिहिणे आवश्यक वाटते.

अमेरिकेने २००९ च्या कायद्याने अट घातली की सैनिकांच्या आणि परदेशस्थ मतदारांच्या मतपत्रिका संघराज्याच्या निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी रवाना झाल्या पाहिजेत. शिवाय मतपत्रिका आलीच नाही तर मतदाराला एक कोरी, सर्वसाधारण मतपत्रिका छापून तिच्यावर उमेदवाराचे नाव स्वतः लिहून पाठवता येते. खरी मतपत्रिका नंतर वेळेत पोहोचली तर ती मोजतात आणि ही बाजूला ठेवतात. ऑस्ट्रेलियाने दुसऱ्या टोकाची मुदत वाढवली आहे. तिथे मतदान संपण्याआधी भरलेले टपाली मत मतदानानंतर तेरा दिवसांपर्यंत पोहोचले तरी स्वीकारतात. न्यूझीलंडमध्ये परदेशस्थ मतदार मतपत्रिका उतरवून घेतो, खूण करतो आणि तिची प्रतिमा संगणकावरून परत पाठवू शकतो. इटलीचे परदेशस्थ नागरिक तर पाकीट इटलीला पाठवतच नाहीत. वकिलात त्यांना मतपत्रिका पाठवते, ते ती त्याच देशातल्या टपालाने वकिलातीला परत देतात आणि वकिलात सर्व पाकिटे एकत्र मायदेशी नेते.

यांपैकी ब्रिटनला कोणता उपाय मानवेल, यावर माझे मत स्पष्ट आहे. ४५ दिवसांची अट तिथे बसणार नाही, कारण संसद विसर्जित झाल्यापासून मतदानापर्यंतच पंचवीस कामकाजी दिवस असतात. प्रतिमा पाठवण्यात मताची गुप्तता धोक्यात येते, आणि मतपत्रिकेवरचे मत आणि मतदाराचे नाव एकाच टपालपेटीत, एकाच कर्मचाऱ्यासमोर येणे मला स्वीकारार्ह वाटत नाही. मात्र ताईंनी म्हटल्याप्रमाणे मतपत्रिका संगणकावरून पाठवणे आणि कागदावर परत घेणे हा मार्ग सरळ आहे. परतीसाठी ऑस्ट्रेलियासारखी मुदत ठेवायची तर निकालाला उशीर होईल. ब्रिटनमध्ये रातोरात निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंतप्रधान बदललेले असतात. ही सवय मोडायला कोणताही पक्ष सहज तयार होणार नाही. म्हणून रवानगीच्या टोकाला सुधारणा मागावी, तिला यश येण्याचा संभव अधिक आहे.

हा मताधिकार मिळवण्यातच केवढा काळ गेला तेही लक्षात ठेवावे. १९८५ च्या कायद्याने परदेशस्थ ब्रिटिशांना प्रथम पाच वर्षांपुरते मत मिळाले, १९८९ मध्ये ती मर्यादा वीस वर्षे झाली, पुढे २००० च्या कायद्याने ती पंधरावर आणली. इटलीत राहणारे दुसऱ्या महायुद्धातले सैनिक हॅरी शिंडलर या मर्यादेविरुद्ध न्यायालयांत आणि संसदेच्या दारांत कित्येक वर्षे झगडले. कायदा मंजूर झालेला त्यांनी पाहिला. पण तो लागू होऊन मत देता येण्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. असा झगडून मिळवलेला हक्क पोस्टाच्या थैलीत अडकून राहावा, याची मला चीड येते.

---

मायलेक

निशिगंधताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. तुमची मुलगी मँचेस्टरला आहे आणि तुमचा मतदारसंघ दुसरीकडे आहे, ही अडचण तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. प्रॉक्सी त्याच मतदारसंघातला असावा लागत नाही. तो ब्रिटनमध्ये मत देण्यास पात्र आणि नोंदणीकृत असला की पुरे. आणि प्रॉक्सीला तुमच्या केंद्रावर जाणे शक्य नसेल तर तो प्रॉक्सी म्हणून टपालाने मत देण्याचा अर्ज करू शकतो. मग तुमची मतपत्रिका मँचेस्टरच्या पत्त्यावर जाईल. इंग्लंडमधून इंग्लंडमध्येच जायची असल्याने तिला दोन-तीन दिवस पुरतात, आणि परतीलाही तेवढेच. मी नाशिकला असते आणि माझ्या भावाने ब्रिस्टलहून माझे मत २०२४ मध्ये असेच दिले. पाकीट त्याला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाले. त्याने मला दूरध्वनी केला, मी नाव सांगितले, त्याने खूण केली.

यात एक मानसिक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. माझे मत भावाला कळले. आम्हा दोघांची राजकीय मते वेगळी आहेत, आणि खूण करताना त्याने माझेच ऐकले, हे मी केवळ त्याच्या शब्दावर मानले. ज्यांना असा शब्द देणारे माणूस नाही त्यांच्यावर प्रॉक्सीचा पर्याय लादणे अन्यायाचे आहे, म्हणून टपालाची सुधारणा झालीच पाहिजे, हे @कागदोपत्री यांचे म्हणणे मला पटते. तोपर्यंत, ज्यांच्याकडे विश्वासाचे माणूस आहे त्यांनी टपालाची वाट पाहू नये.

तक्रारीबाबत : कौन्सिलकडे पाकिटाच्या रवानगीची नेमकी तारीख लेखी मागा, ‘वेळेत’ या शब्दावर समाधान मानू नका. त्या उत्तराची प्रत जुन्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवा. तुम्ही त्यांच्या मतदार आहात आणि तसे पत्रात पहिल्याच वाक्यात लिहा. तिसरी प्रत निवडणूक आयोगाला. आयोग निकाल बदलू शकत नाही किंवा कौन्सिलला दंडही करत नाही, परंतु प्रत्येक निवडणुकीनंतर तो अहवाल देतो आणि अशा पत्रांची नोंद त्या कामी येते.

---

निशिगंध

मायलेक, तुमचे मनापासून आभार. प्रॉक्सीलाही टपालाने मत देता येते हे मला ठाऊक नव्हते, आणि २५ जूनला दूरध्वनीवर बोलणाऱ्यांनीही ते सांगितले नाही. अर्थात त्या दिवशी सांगूनही उपयोग झाला नसता.

काल रात्री मुलीशी बोलणे झाले. ती आनंदाने तयार आहे. आम्ही दोघेही तिलाच प्रॉक्सी नेमू इच्छितो. एकाच व्यक्तीला आई आणि वडील अशा दोघांच्या वतीने मत देता येते का? आणि हे आत्ताच करावे की निवडणूक जाहीर झाल्यावर? पुढची निवडणूक २०२९ च्या ऑगस्टपर्यंत केव्हाही होऊ शकते, असे मी समजते.

कौन्सिलला रवानगीची तारीख विचारणारे पत्र आज टाकले. त्यासोबत माझ्या पाकिटाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र जोडले आहे, आणि सोसायटीच्या आवक नोंदवहीच्या पानाचेही, ज्यात रखवालदाराने ‘९ जुलै, परदेशी पत्र, भिजलेले’ असे लिहून सही केली आहे.

---

उत्तरवारा

होय, देता येते. एका व्यक्तीला जास्तीत जास्त चार मतदारांची प्रॉक्सी होता येते आणि त्यांपैकी ब्रिटनमध्ये राहणारे दोनच असू शकतात. तुम्ही दोघेही परदेशस्थ असल्याने मुलीला आणखी दोघांसाठीही जागा उरते.

अर्ज आत्ताच करा. परदेशस्थ मतदाराची नोंदणी पूर्वी दरवर्षी नवी करावी लागे, ती आता तीन वर्षांपर्यंत टिकते आणि १ नोव्हेंबरला संपते. तुमची कोणत्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला संपते ते कौन्सिलला विचारून घ्या, आणि नूतनीकरण करताना प्रॉक्सीची व्यवस्थाही पुढे चालू आहे ना, हे त्याच पत्रात विचारा. मी काम केलेल्या एका निवडणुकीत नोंदणी चालू असून मतदानाची व्यवस्था संपलेली, अशी प्रकरणे पाहिली आहेत.

दोन अर्ज वेगळे आहेत हे लक्षात असू द्या. पहिला तुमचा, टपाली मत रद्द करून मुलीला प्रॉक्सी नेमण्याचा. तुमचा एक आणि यजमानांचा एक. तो मंजूर झाल्यावर मुलीचा, तुमच्या वतीने टपालाने मत देण्याचा. तिलाही प्रत्येकासाठी स्वतंत्र. निवेदनावर सही आणि जन्मतारीख तिची लागेल, तुमची नाही. इथे पुष्कळांची चूक होते आणि मत बाद होते. तिला एकाच वेळी दोन जोड्या पाकिटे येतील, तेव्हा एकीचे ‘अ’ पाकीट दुसरीच्या ‘ब’ पाकिटात जाऊ नये म्हणून एक पूर्ण बंद केल्यावरच दुसरी उघडायला सांगा.